डुकराचं मूत्रपिंड ‘रेडिएशन देऊन’ शुद्ध होत नसतं

गामामास्तर

अवयवांच्या प्रतीक्षायादीवरच्या एका लेखाखाली काल कुणीतरी ठोकून दिलं: “डुकराच्या विषाणूंची एवढी धास्ती असेल तर माणसाला बसवण्याआधी डुकराच्या मूत्रपिंडाला रेडिएशन द्या. रक्ताच्या पिशव्यांना देतातच की. विषय संपला.” त्यावर अंगठ्यांचा पाऊस. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

रक्ताच्या पिशवीला २५ ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या रेडिएशनचं माप) देतात ते विषाणू मारायला नव्हे. दात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) रुग्णाच्या अंगात वाढून त्याच्याच पेशींवर उलटू नयेत, एवढ्यासाठी. डीएनएचे दोन्ही पदर तुटले की पेशी विभाजनाच्या वेळी अडकते. तांबड्या पेशीला केंद्रकच नसल्याने ती तगते. फक्त पोटॅशियम जास्त झिरपतं, म्हणून अशा पिशवीची मुदत कमी धरतात.

विषाणूचं गणित वेगळं. रेट्रोव्हायरसचा (स्वतःला पेशीच्या डीएनएत लिहून ठेवणाऱ्या विषाणूचा) जीनोम आठ-नऊ हजार अक्षरांचा, पेशीतला डीएनए काही अब्ज अक्षरांचा. किरण नेम धरून जात नाहीत, पडतील तिथे पडतात. लक्ष्य जितकं चिमुकलं तितका डोस जास्त. साहित्य निर्जंतुक करायचा नेहमीचा डोस २५ किलोग्रे. ‘किलो’ नीट वाचा, हजारपट आहे. इकडे पोटाच्या रेडिओथेरपीचा प्लॅन करणारे दोन्ही मूत्रपिंडांचा सरासरी डोस १८ ग्रेच्या आत राहावा म्हणून घाम गाळतात. विषाणू मरेल इतकं रेडिएशन खाल्लेलं मूत्रपिंड बरणीत ठेवायच्या लायकीचं उरेल.

आणि ज्याची धास्ती आहे तो पर्व्ह, म्हणजे डुकराचा वंशपरंपरेने येणारा रेट्रोव्हायरस, ही बाहेरून चिकटलेली घाण नाही. डुकराच्या प्रत्येक पेशीच्या डीएनएत तो लिहिलेलाच आहे. १९९७ मध्ये रॉबिन वाइस यांच्या गटाने डुकराच्या पीके-१५ पेशींतला पर्व्ह मानवी २९३ पेशींत शिरतो हे दाखवलं. असे प्रयोग लावताना डुकराच्या पेशींनी सगळी बशी व्यापू नये म्हणून त्यांना आधी मारक डोस देऊन ठेवायची पद्धत आहे. त्या पेशी वाढत नाहीत, पण प्रथिनं बनवत राहतात आणि विषाणूचे कणही सोडत राहतात. म्हणजे कालच्या महाभागाने जो उपाय सुचवला, ती विषाणू एका पेशीतून दुसरीत नेण्याच्या प्रयोगाची पहिली पायरी आहे.

अर्धवटराव

रेडिएशनची सूचना येडपट होती, मान्य. पण मास्तर, तिच्या आडून तुम्ही पर्व्हचा बागुलबुवा पुन्हा उभा करताय. २९३ म्हणजे काय? अ‍ॅडेनोव्हायरसचा तुकडा घुसवून अमर केलेली पेशी. तिच्यात काय वाट्टेल ते वाढतं. ताज्या मानवी पेशींत पर्व्ह धड रुजत नाही, अपोबेक-३जी हे पेशीतलं विषाणूरोधक प्रथिन त्याचा जीनोम नासवून ठेवतं. १९९९ मध्ये डुकराच्या जिवंत ऊतींशी संबंध आलेले १६० रुग्ण तपासले, एकालाही संसर्ग नाही. तिकडे डायलिसिसवर माणसं मरतायत आणि इथे काल्पनिक साथीचं कीर्तन.

गामामास्तर

१६० चा आकडा सगळेच फेकतात, तक्ता कुणी बघत नाही. त्यातल्या बहुतेकांचं रक्त शरीराबाहेर काही वेळ डुकराच्या प्लीहेतून किंवा यकृतातून फिरवलेलं होतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मोजक्यांनाच चालू होती. महिनोन् महिने अंगात धडधडणारं हृदय आणि हे, एका तराजूत?

“डुकराचे अवयव बसवलेल्या बबून माकडांत कुठे झालं?” असंही पुढे म्हणाल, म्हणून आधीच सांगतो. पर्व्ह-ए हा प्रकार पेशीत शिरताना तिच्यावरच्या ज्या रिसेप्टरला धरतो तो बबून आणि ऱ्हिसस माकडांत एका अमिनो आम्लाच्या फरकाने नीट चालत नाही. ज्या दाराला कडीच बसत नाही तिथे चोर आला नाही, यावरून आपल्या घराचं काय सिद्ध होतं?

सूक्ष्मदर्शीण

तपासणीतली मेख कुणीच सांगत नाही. प्रत्यारोपणानंतर रुग्णाच्या रक्तात पर्व्हचा डीएनए सापडणारच, कारण डुकराच्या पेशी सुटून रक्तात फिरतात. म्हणून त्याच नमुन्यात डुकराचा मायटोकॉन्ड्रियल डीएनएही मोजायचा. दोन्ही डुकराच्या पेशीत असतात त्याच प्रमाणात आले तर त्या नुसत्या भटक्या पेशी. पर्व्ह भरपूर आणि मायटोकॉन्ड्रियल काहीच नाही, तर मात्र झोप उडायला हवी. ही जोडीची मोजणी न करता “पॉझिटिव्ह” ओरडणारे आणि “निगेटिव्ह” ओरडणारे, दोघेही सारखेच.

पेशीपुराण

तुम्ही डुकरावर भांडताय आणि उंदीर कधीच आत शिरलाय! भाजलेल्या रुग्णांसाठी वाढवलेली त्वचा बघा. राइनवाल्ड आणि ग्रीन यांची १९७५ ची पद्धत: रुग्णाच्या त्वचापेशी उंदराच्या ३टी३ पेशींच्या थरावर वाढवायच्या. त्या थराला ६० ग्रेच्या आसपास देऊन वाढ थांबवलेली असते. जिवंत उंदीरपेशींशी संपर्क आला म्हणून अमेरिकेची औषधनियामक संस्था एफडीए त्या त्वचेलाही आंतरप्रजातीय प्रत्यारोपणातच मोजते. स्टेम सेलवाल्यांनी उंदराच्या अशाच थरावर (त्याला फीडर म्हणतात) मानवी पेशी वाढवल्या, तर २००५ मध्ये दिसलं की त्या पेशींनी माणसात नसलेली एनयू५जीसी ही साखर अंगावर चढवलीय. तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं आपल्या रक्तात आधीच असतात.

आणि फीडर करताना काय हलगर्जीपणा चालतो! रेडिएशन देणाऱ्या सीझियमच्या यंत्रावर भिंतीला चिकटवलेला मिनिटांचा कागद तसाच. सीझियम-१३७ दरवर्षी सुमारे २.३ टक्के क्षीण होतं. पाच वर्षं तीच वेळ लावली की डोस ११ टक्के कमी. मग थरातल्या चार पेशी जगतात, वाढतात, आणि तुमच्या ‘मानवी’ वाणात उंदीर नांदायला लागतो. प्रत्येक लॉटमधली एक बशी नुसत्या फीडरची, वर काहीही न टाकता, दोन-तीन आठवडे ठेवून वसाहती येतात का बघणं हे किमान काम. पेशींच्या बशीत लपणारा मायकोप्लाझ्मा हा जिवाणू तर या डोसला भीक घालत नाही, तो आधी तपासा. रेडिएशनऐवजी वाढ थांबवायला मायटोमायसिन हे औषध वापरत असाल तर १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, दोन-तीन तास, आणि मग निदान तीनदा धुणं. उरलं की वरच्या मानवी पेशी मरतात आणि दोष सीरमला जातो.

अर्धवटराव

घ्या! मूत्रपिंडावरून निघालो, उंदराच्या बिळात पोचलो. त्या त्वचेने कुणाला उंदराचा विषाणू झाला?

पेशीपुराण

एक्सएमआरव्ही हा उंदराचा रेट्रोव्हायरस विसरलात? प्रोस्टेटच्या कॅन्सरचा मानवी तुकडा १९९० च्या दशकात नग्न (प्रतिकारशक्ती अधू असलेल्या) उंदरांत एकातून दुसऱ्यात लावत नेला. त्या उंदरांच्या जीनोममधले दोन अर्धवट प्रोव्हायरस (डीएनएत लिहिलेले विषाणू) जुळले आणि एक धडधाकट नवा विषाणू तयार झाला. त्याच गाठीतून २२आरव्ही१ ही पेशीरेषा निघाली, ती विषाणू ओकत जगभर फिरली. २००६ मध्ये तो प्रोस्टेटच्या कॅन्सरशी जोडला, २००९ मध्ये दीर्घकालीन थकव्याच्या आजाराशी. २०११ मध्ये मूळ सापडलं आणि थकव्याचा तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला. (दोन अर्धवट एकत्र आले की काय होतं, हे तुम्हाला उद्देशून नाही.)

अर्धवटराव

नावावर घसरलात म्हणजे मुद्दे संपले. आणि ही गोष्ट माझ्याच बाजूची आहे! पसरला कुठे? पेशींच्या बशीत आणि पीसीआरच्या नळीत. पीसीआरच्या काही किटमध्ये डीएनएच्या प्रती काढणारं टॅक एन्झाइम सुरुवातीला रोखून धरायला उंदरापासून बनवलेलं प्रतिपिंड असतं, त्यात उंदराच्या डीएनएचा अंश यायचा. रुग्णांना कुणालाच झालेला नव्हता.

सूक्ष्मदर्शीण

किटचं बरोबर आहे. म्हणूनच नंतर आयएपी या उंदराच्या जीनोममधल्या तुकड्याची चाचणी जोडीला लावायला लागले. उंदराच्या पेशीत त्याच्या हजारेक प्रती असतात, चिमूटभर उंदीरही पकडला जातो. पण पेशीपुराण यांचा मुद्दा तुम्ही उडवताय. नवा विषाणू जुळून तयार झाला हे खरंच आहे, आणि डुकरात पर्व्ह-ए व पर्व्ह-सी यांचं नेमकं तेच होतं. जुळून आलेला ए/सी मानवी पेशींत जास्त जोमाने वाढतो, एकातून दुसऱ्या बशीत नेत गेलं की आणखी. म्हणून दाता डुक्कर निवडताना पर्व्ह-सी नसलेलं बघतात. फुकटचा उपाय आहे, जनुकीय कात्रीही लागत नाही.

अर्धवटराव

कात्रीचं निघालंच म्हणून सांगतो. २०१५ मध्ये पीके-१५ मधल्या ६२ च्या ६२ प्रती निकामी केल्या, २०१७ मध्ये तशी पिल्लं जन्माला आली. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनला माणसाला बसवलेल्या डुकराच्या मूत्रपिंडात ६९ बदल होते, त्यातले ५९ निव्वळ पर्व्हचे. आता कशाला रडायचं?

गामामास्तर

एका पेशीत एकाच वेळी इतक्या ठिकाणी काप द्या आणि पेशी काय म्हणते बघा. दोन्ही पदर तुटणं म्हणजे रेडिएशन करतं तेच. डीएनएची राखण करणारं पी५३ हे प्रथिन जागं होतं आणि पेशी थांबते किंवा मरते. २०१७ च्या कामात क्लोन जगवायला पी५३ दाबणारं रसायन आणि वाढीचे घटक द्यावे लागले होते. पी५३ दाबून निवडलेल्या पेशींपासून जनावर काढायचं, तर नंतर पूर्ण जीनोम वाचून गुणसूत्रांची उलथापालथ झालीय का ते बघायला नको? तेवढं केलं की माझी तक्रार नाही.

आणि रेडिएशन रुग्णाला देण्याचाही मार्ग आहे. अवयव सहन व्हावा म्हणून माकडांवरच्या पद्धतींत सगळ्या शरीराला एकूण ३ ग्रे आणि थायमसला (प्रतिकारपेशी घडवणाऱ्या छातीतल्या ग्रंथीला) ७ ग्रे देतात. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका एचआयव्ही रुग्णाला बबूनची अस्थिमज्जा देताना आधी असंच हलकं रेडिएशन दिलं होतं. मज्जा रुजली नाही. अंगातली फौज अशी झोपवली की कुठल्याही विषाणूला रान मोकळं, एवढंच माझं म्हणणं.

सरळमार्गी

चौघांनीही खरा गुन्हेगार सोडून दिलात. ७ जानेवारी २०२२ ला मेरीलँडमध्ये दहा जनुकीय बदल केलेलं डुकराचं हृदय माणसाला बसवलं, रुग्ण ८ मार्चला गेला. हृदयात पीसीएमव्ही सापडला. पर्व्ह नव्हे, साधा नागीणवर्गीय विषाणू! डुकराच्या नाकाचा स्वॅब निगेटिव्ह होता. असणारच, दडून बसलेला पीसीएमव्ही मोठ्या डुकराच्या नाकात सापडत नाही, प्रतिपिंडांच्या चाचणीत सापडतो. पिल्लांत तीही चाचणी फसवते, कारण आईची प्रतिपिंडं काही आठवडे रक्तात असतात. म्हणून पिल्लू जन्मताच आईपासून वेगळं करायचं, आणि तपासणी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हा विषाणू माणसाला बाधल्याचं दिसत नाही, पण बसवलेल्या अवयवाचं आयुष्य घटवतो. बबूनमध्ये ते आधीच दिसलं होतं. ५९ काप कराल आणि पिल्लू दोन दिवस आईचं दूध पीत राहिलं, तर काय उपयोग?

अर्धवटराव

हे मात्र बिनतोड. पटलं असं म्हणत नाही, पण मूत्रपिंड घ्यायची वेळ आली तर आधी डुकराचा दाखला आणि त्याच्या आईचाही मागेन.

गामामास्तर

नशीब. रेकॉर्ड करून ठेवतो.

लखलखीत

नमस्कार, कालची सूचना माझीच. गामा नको म्हणता, ठीक. मग अल्ट्राव्हायोलेट? पाणी शुद्ध करतात की त्याने.

अर्धवटराव

मास्तर, याला तुम्ही घ्या. मी दमलो.

गामामास्तर

पाणी पारदर्शक असतं हो. अल्ट्राव्हायोलेट मूत्रपिंडाच्या वरच्या पेशींच्या दोन-चार थरांपलीकडे जात नाही.