अडलेल्या गाईची वार हात घालून काढावी का?

मूळ लेख: बांधावरून (फलटण)

गेल्या महिन्यात आमची पहिलारू होल्स्टीन संकरित गाय विताना अडली. पाणमोट फुटून दोन तास झाले तरी वासराच्या पुढच्या खुरांची टोके तेवढी बाहेर दिसत होती आणि कळा मंदावत चालल्या होत्या. डॉक्टरांनी वासराच्या पायांना खुरांवरच्या सांध्याच्या वर दोर लावले. गाय कळ देईल तेव्हाच आम्ही दोघांनी खालच्या दिशेने ओढ दिली. तिसऱ्या माणसाला त्यांनी दोराला हात लावू दिला नाही. वासरू जिवंत आले, दोन तासांच्या आत त्याला पोटभर चीक पाजला. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वार, म्हणजे वासराभोवतीचे गर्भाशयातले आवरण, पडलेली नव्हती.

गाय व्याल्यावर वार साधारण बारा तासांच्या आत पडते, आणि चोवीस तास उलटले की ती अडकली असे धरतात. मग शेजारीपाजारी जमले आणि नेहमीचे सल्ले सुरू झाले: बांबूचा पाला घाला, लोंबणाऱ्या वारेला दगड बांधा, तरीही नाही पडली तर हात घालून काढणाऱ्याला बोलवा. बांबूचा पाला गाईने आवडीने खाल्ला आणि त्याला माझी काहीच हरकत नाही. दगड मात्र मी बांधू दिला नाही, आणि हात घालायला आलेल्या गृहस्थांना विनंती करून परत पाठवले. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

आम्ही एवढेच केले. बाहेर लोंबणारी वार जमिनीला लागू नये म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या उंचीवर कापली. शेपटी आणि मागचा भाग रोज कोमट पाण्याने धुतला. सकाळ-संध्याकाळ तापमान घेऊन भिंतीवर खडूने लिहिले. चौथ्या दिवशी सकाळी ते १०४ अंश फॅरनहाइट भरले, तेव्हा डॉक्टरांनी प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू केली आणि सांगितलेली मुदत संपेपर्यंत तिचे दूध डेअरीला घातले नाही. सहाव्या रात्री वार आपोआप पडली. माझे म्हणणे स्पष्ट आहे: अडलेल्या गाईच्या पिशवीला, म्हणजे गर्भाशयाला, आधीच पुरेशी इजा झालेली असते, तिच्यात पुन्हा हात घालून वार ओढणे आपण बंद केले पाहिजे.

प्रतिसाद: जुना गोठा (नेवासा)

आपली गाय वाचली याचा आनंद आहे, पण एका गाईवरून सगळ्यांना सल्ला देऊ नये. तीस वर्षे मी गाई सांभाळतो आहे आणि वार आत ठेवून वाट पाहण्याचे परिणाम मी माझ्याच दावणीला पाहिले आहेत. दुसऱ्या वेताची एक चांगली गाय अशीच सोडून दिली होती. पाचव्या दिवशी तिने गव्हाणीतून तोंड काढले, डोळे खोल गेले, विटकरी रंगाचे पाण्यासारखे घाण स्राव मांडीवरून ओघळू लागले आणि नवव्या दिवशी ती गेली. त्यानंतर मी कोणत्याही गाईला छत्तीस तासांपेक्षा जास्त वेळ दिलेला नाही. डॉक्टर येतात, हात घालतात, वार काढतात, पिशवीत गोळ्या ठेवतात आणि गाय दुसऱ्या दिवशी वैरणीला तोंड लावते.

शिवाय आपण एक गोष्ट लक्षात घेतलेली नाही. वैशाखात लोंबत्या वारेवर माशा बसतात आणि किडे पडायला वेळ लागत नाही. त्या वासात बसून धार काढायची, तीही घरातल्या बायकांनी, आणि सहा दिवस! कागदावर वाट पाहणे सोपे आहे.

प्रतिसाद: पशुवैद्य (सातारा)

दोघांचाही अनुभव खरा आहे, पण जुना गोठा यांनी काढलेल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. आत नेमके काय असते ते सांगतो. गाईच्या गर्भाशयाच्या आतील बाजूला बटणांसारखे सत्तर ते एकशेवीस उंचवटे असतात आणि वार त्या प्रत्येकाला बोटांत बोटे गुंतवावीत तशी पकडून असते. ही पकड गाईच्या शरीरातील पांढऱ्या पेशी सैल करतात. प्रसूती लांबली, वासरू दिवस भरण्याआधी आले, जुळे झाले किंवा गाभणपणी सेलेनियम व जीवनसत्त्व ई कमी पडले, तर हे काम रेंगाळते. अशा वेळी ओढले की वार निघाल्यासारखी दिसते, पण तिचे तंतू उंचवट्यांतच तुटून राहतात, काही उंचवटे सोलवटतात, आणि त्या उघड्या जखमांमधून गोठ्यातले जंतू आत शिरतात. आपण पिशवी साफ केली असे समजतो, प्रत्यक्षात घाण आत आणि दार उघडे अशी अवस्था होते.

आपली गाय वार आत राहिल्यामुळे गेली असे आपण म्हणता. मला वाटते ती ताप वेळेवर न कळल्यामुळे गेली. वार अडकलेली प्रत्येक गाय आजारी पडत नाही. जी पडते तिचा ताप बहुधा पहिल्या दहा दिवसांतच चढतो. तापमान १०३ च्या वर गेले, गाय वैरण सोडू लागली किंवा स्रावाला दुर्गंधी येऊन तो पातळ झाला, तर त्याच दिवशी उपचार सुरू व्हायला हवेत. पिशवीत ठेवलेल्या गोळ्यांपेक्षा स्नायूत दिलेले प्रतिजैविक अधिक कामाचे असते, कारण विष तोवर रक्तात उतरलेले असते.

उघड्या हाताने वार काढणाऱ्यांना आणखी एक सांगणे आहे. वार अडकण्यामागे ब्रुसेला या जंतूचा रोगही असू शकतो, विशेषतः गाय दिवस भरण्याआधी व्याली असेल तर. तो माणसाला होतो आणि महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप व सांधेदुखी मागे ठेवतो. वार पडल्यावर ती कुत्र्यांना न टाकता चुना घालून खोल पुरावी.

प्रतिसाद: गोठ्यातली (सांगोला)

धार बायका काढतात हे जुना गोठा यांनी मान्य केले, म्हणून मीही लिहिते. तुम्ही सगळे वारेवर भांडत आहात, आणि अडलेल्या गाईचा दुसरा निम्मा भाग कोणीच मांडत नाही. तिला दुखत असते आणि तिला उभे राहायचे असते.

आमच्या चौथ्या वेताच्या गाईला मोठे वासरू होते. त्याचे डोके आणि खांदे बाहेर आले, पण कमरेचा भाग गाईच्या हाडांत अडकून बराच वेळ गेला. वासरू वाचले नाही, आणि गाय उठायला गेली तेव्हा तिचे मागचे दोन्ही पाय बर्फावर घसरावेत तसे फाकले. डॉक्टरांनी सांगितले की आतून जाणारी नस दाबली गेली आहे. कान थंड होते, म्हणजे रक्तातले कॅल्शियम उतरले असावे, म्हणून त्यांनी आधी शिरेतून कॅल्शियम दिले, तेही हृदयाचे ठोके ऐकत अगदी सावकाश, कारण घाईत सोडलेले कॅल्शियम हृदय बंद पाडते. पण पाय तसेच राहिले.

मग खरी कसोटी लागली. फरशीवरून तिला आम्ही ताडपत्रीवर घेऊन अंगणातल्या मऊ मातीवर आणले आणि खाली गुडघाभर वाळू व पाचट घातले. मागचे दोन्ही पाय मऊ पट्ट्याने सुमारे दीड फुटाच्या अंतरावर एकमेकांना बांधले, म्हणजे उठताना ते फाकणार नाहीत. कठीण जमिनीवर काही तास एका कुशीवर पडलेल्या गाईच्या मांडीचे मांस स्वतःच्याच वजनाखाली मरू लागते, म्हणून रात्रंदिवस दर तीन तासांनी तिची कूस बदलायची होती. रात्री एक वाजता आणि चार वाजता मी आणि सासूबाई उठत होतो. एक मानेशी बसायची आणि दुसरी मांडी उचलायची. गूळ-मीठ घातलेले कोमट पाणी बादलीने तोंडाशी धरावे लागे, कारण तहानलेली गाय बादलीपर्यंत जाऊ शकत नव्हती. चार दिवस धार बसल्या जागीच काढली. पाचव्या पहाटे तिने पुढचे गुडघे टेकून ढुंगण उचलले, दोनदा आपटली आणि तिसऱ्यांदा उभी राहिली.

वाट पाहणे असे असते, जुना गोठा दादा. त्याला हात न लावणे म्हणू नका.

वेदनेवरच्या औषधाबद्दलही लिहिते. आमच्याकडे कोणीतरी जुनी डायक्लोफिनॅकची बाटली घेऊन आले होते. जनावरांसाठी ते औषध २००६ पासून बंद आहे, कारण मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांना मारते. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही बंद झाले. मेलॉक्झिकॅम मिळते आणि ते चालते. डॉक्टरांना आपण होऊन विचारावे, कारण गाईला वेदनाशामक द्यायचे असते हे पुष्कळांच्या मनातच येत नाही.

प्रतिसाद: जुना गोठा (नेवासा)

ताई, आपल्या कष्टांपुढे मी हात जोडतो, पण प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. ती पाचव्या दिवशी उठली. आठव्या दिवशीही उठली नसती तर? बसलेल्या गाईच्या कोपरांना आणि मांड्यांना जखमा होतात, ती रोज खंगत जाते, आणि आपण प्रेमापोटी तिला रोज वर ओढत राहतो. दोन बांबू पोटाखाली घालून आठ माणसांनी उचललेली गाय मी पाहिली आहे आणि तिचा हंबरडा मी विसरलो नाही. सेवा आणि हाल यांच्यात अंतर कमी असते.

प्रतिसाद: गोठ्यातली (सांगोला)

आपला प्रश्न योग्य आहे, आणि तो मी दररोज स्वतःला विचारत होते. ती खात होती, रवंथ करत होती, छातीवर नीट बसत होती आणि दिवसातून दोन-तीनदा उठण्याचा प्रयत्न करत होती, म्हणून मी थांबले. यातली एकेक गोष्ट सुटत गेली असती, ती आडवी पडून मान टाकू लागली असती किंवा तिच्या खुब्याचा सांधा निखळलेला निघाला असता, तर मी डॉक्टरांना तिला शांतपणे जाऊ द्यायला सांगितले असते. बांबूवर उचलणे मला मान्य नाही.

प्रतिसाद: पशुवैद्य (सातारा)

ताईंचे निकष बरोबर आहेत. असह्य वेदना भोगणाऱ्या आणि बऱ्या न होणाऱ्या जनावराला वेदनारहित मरण देण्याची वाट प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये आहे, पण तो निर्णय पशुवैद्यकाने तपासून घ्यायचा असतो. घरी डॉक्टर पोहोचत नसतील तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते.

प्रतिसाद: बांधावरून (फलटण)

ताईंच्या लेखनामुळे माझ्या मांडणीतला दोष मला दिसला. माझी गाय पहिल्याच तासात उभी राहिली, म्हणून मला वाट पाहणे सोपे वाटले. आणखी एक चूक कबूल करतो: कालवड अंगाने लहान असूनही मी दूध वाढावे म्हणून मोठ्या बांध्याची वासरे देणाऱ्या वळूचे रेतन करून घेतले होते. पहिल्या वेताला सुलभ प्रसूतीसाठी निवडलेल्या वळूची रेतमात्रा मागितली असती, तर कदाचित दोराला हात लावावाच लागला नसता. वार ओढण्याबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

प्रतिसाद: जुना गोठा (नेवासा)

मी एवढे मान्य करतो की छत्तीस तासांचा नियम मी भीतीतून केला होता. उद्या तालुक्याला जातो आहे, थर्मामीटर आणतो. पुढची गाय अडली आणि वार राहिली, तर सकाळ-संध्याकाळ ताप लिहीन आणि तो नसेल तोवर हात घालू देणार नाही. पण चौथ्या दिवशी डॉक्टरांनी लोंबती वार दोन बोटांनी हलकेच खेचून पाहिली आणि ती सहज सुटत असेल, तर ती मी काढून घेणार आहे.

प्रतिसाद: पशुवैद्य (सातारा)

हलक्या ओढीने सुटत असेल तर काढावी, त्याला माझा विरोध नाही. अडली की तिथेच थांबावे. लांब हातमोजा मात्र प्रत्येक वेळी नवा घाला.