अधिसभा की अभ्यास मंडळ : शिक्षक प्रतिनिधीने कुठे जावे?

प्रश्न (साहाय्यक प्राध्यापिका, संलग्न महाविद्यालय)

नमस्कार. मी एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. विभागात आम्ही दोघेच असून माझे सहकारी तासिका तत्त्वावर आहेत, त्यामुळे विभागप्रमुखपद माझ्याकडे आहे. शिक्षक संघटनेतील ज्येष्ठांनी मला विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) शिक्षक मतदारसंघातून अर्ज भरण्याचा आग्रह केला आहे. मागील वर्षी द्वितीय वर्षाचा सुधारित अभ्यासक्रम आमच्या हाती पडला, तेव्हा सत्राचे पाच आठवडे उलटले होते. मी पहिले प्रकरण शिकवून संपवले होते आणि नव्या अभ्यासक्रमात ते प्रकरणच नव्हते. विद्यापीठाला दोन पत्रे लिहिली, पण उत्तर आले नाही. असे प्रकार थांबवण्यासाठी अधिसभेत जाऊन काही साधते का, की विषयाचा अभ्यासक्रम तयार करणाऱ्या अभ्यास मंडळाची निवडणूक लढवणे अधिक उपयोगाचे ठरेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, माजी अधिसभा सदस्य)

मॅडम, १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अधिसभेवर महाविद्यालयीन शिक्षकांतून १०, विद्यापीठ विभागांतील शिक्षकांतून ३, प्राचार्यांतून १०, संस्थाचालकांतून ६ आणि नोंदणीकृत पदवीधरांतून १० प्रतिनिधी निवडून जातात. त्यांच्याखेरीज पदसिद्ध आणि नामनिर्देशित सदस्य असतातच. म्हणजे सर्व शिक्षक एकदिलाने उभे राहिले, तरी बहुमत त्यांचे नसते. अधिसभेची वर्षातून किमान दोनदा बैठक व्हावी, एवढेच बंधन कायद्यात आहे. तिचे खरे बळ दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे अर्थसंकल्प, कारण वित्तीय अंदाज आणि तरतुदींबाबत कायद्याने तिलाच प्रमुख प्राधिकरण मानले आहे. दुसरे म्हणजे विद्यापीठाचा कारभार पाहणारी व्यवस्थापन परिषद, कारण तिथे जाणारे दोन शिक्षक अधिसभाच आपल्या सदस्यांतून निवडते.

लेखी प्रश्नाचे मोल मी स्वतः पाहिले आहे. उत्तरपत्रिका तपासणीची आमची देयके दीड वर्ष थकली होती आणि लेखा विभागात खेटे घालून काही हाती लागत नव्हते. मी अधिसभेत प्रश्न दिला, थकबाकीचा आकडा छापील उत्तरात सर्वांसमोर आला आणि त्या दिवाळीपूर्वी देयके निघाली.

परंतु तुमची अडचण अभ्यासक्रमाची आहे आणि त्याची वाट निराळी आहे. अभ्यासक्रम अभ्यास मंडळात तयार होतो आणि विद्याशाखेमार्फत विद्या परिषदेपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या प्रमुख शैक्षणिक मंडळापुढे, मंजुरीला जातो. त्या वाटेवर अधिसभा लागतच नाही. अभ्यास मंडळावर निवडून येणारे विभागप्रमुख तीनच असतात, बाकीचे बहुतेक नामनिर्देशित किंवा सहयोजित (मंडळाने स्वतः सामावून घेतलेले). आधीच्या, १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात अधिष्ठाताही (विद्याशाखेचा प्रमुख) निवडून येत असे. आता तो निवड समितीमार्फत नेमला जाणारा पूर्णवेळ अधिकारी आहे. ज्याला शिक्षक जाब विचारू शकत, असे एक महत्त्वाचे पद त्यामुळे आपल्या हातून गेले, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच अभ्यास मंडळावरील त्या तीन जागा वाया जाऊ देऊ नयेत.

उत्तर २ (विद्या परिषदेवरील शिक्षक प्रतिनिधी)

सरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. तुमच्या हाती आलेले सुधारित अभ्यासक्रमाचे परिपत्रक पुन्हा काढून वाचा. त्यात ‘कलम १२(७) अन्वये’ किंवा ‘विद्या परिषदेच्या मान्यतेच्या अधीन राहून’ असे शब्द असतील, तर तो निर्णय कुलगुरूंनी आणीबाणीच्या अधिकारात घेतलेला आहे आणि परिषदेपुढे तो नंतर आला आहे. तातडीच्या प्रसंगी असा अधिकार असणे योग्यच आहे. मात्र अभ्यासक्रम बदलणे हे महिनोन्‌महिने आधी ठाऊक असलेले काम आहे, त्याला आणीबाणी म्हणता येत नाही. आमच्या बैठकीत असे विषय जाडजूड गठ्ठ्याच्या शेवटी, कार्योत्तर मान्यतेसाठी येतात. तोवर दुपार टळलेली असते आणि ‘मंजूर’ हा शब्द उच्चारायला अर्धे मिनिटही लागत नाही. अशा वेळी त्या निर्णयाची कारणे लेखी मागणे आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेणे, एवढे एका सदस्यालाही करता येते. मी गेल्या तीन बैठकांत ते केले. पहिल्या वेळी सभागृहात नाराजी उमटली, तिसऱ्या वेळी तसे दोनच विषय आले.

उत्तर ३ (तासिका तत्त्वावरील शिक्षक)

मॅडमच्या विभागातील दुसऱ्या शिक्षकाबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहीत आहे. कायद्याच्या व्याख्येतील शिक्षक हा पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त असावा लागतो, त्यामुळे आमची नावे मतदार यादीत येत नाहीत. मी नऊ वर्षे तोच अभ्यासक्रम शिकवतो, प्रश्नपत्रिका काढतो, उत्तरपत्रिका तपासतो. अनेक महाविद्यालयांत निम्मे वर्ग आमच्यासारखेच चालवतात. प्रतिनिधी निवडून गेल्यावर आमचे म्हणणे त्यांनी ऐकावे, अशी सोय कुठे आहे?

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. परिपत्रक काढून पाहिले, त्यात कलम १२(७) चा उल्लेख आहे. मी अभ्यास मंडळासाठी अर्ज भरणार आहे. तिसरे उत्तर वाचून मला अपराधी वाटले, कारण त्या अभ्यासक्रमातील दोन प्रकरणे माझे सहकारीच शिकवतात आणि विद्यापीठाला पत्रे लिहिताना मी त्यांना विचारलेही नव्हते. शनिवारी आम्ही दोघे बसून अभ्यासक्रमावरील हरकती प्रकरणवार लिहून काढणार आहोत. त्यांचे नाव यादीत नसले, तरी त्या निवेदनावर त्यांची सही माझ्या सहीशेजारी असेल. असे निवेदन मंडळाच्या अध्यक्षांकडे पाठवावे की कुलसचिवांकडे, हे कोणी सांगितले तर बरे होईल.