मदत हवी आहे: जबड्यातल्या गाठीचा एफएनएसी (बारीक सुईने घेतलेल्या नमुन्याचा) रिपोर्ट आलाय, तरी बायोप्सी का?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाच्या (वय २४) खालच्या जबड्यात डावीकडे, अक्कलदाढेपाशी गाठ आहे. दुखत नाही, पण गाल फुगलाय आणि तिथले दात हलायला लागलेत. एक्स-रेत साबणाच्या फेसासारखे लहानमोठे कप्पे दिसतात. एका जागी हाड इतकं पातळ झालंय की डॉक्टरांनी बोटाने दाबलं तर ते किंचित आत गेलं. तिथूनच बारीक सुईने नमुना घेतला.

रिपोर्टचा सारांश असा: बेसलॉइड (लहान, गडद केंद्रकाच्या) पेशींचे पुंजके, कडेच्या पेशी ओळीत उभ्या, मध्ये ताऱ्याच्या आकाराच्या विरळ पेशी. अमेलोब्लास्टोमाची (दात घडवणाऱ्या ऊतीपासून होणारी, सहसा कॅन्सर नसलेली जबड्याची गाठ) शक्यता, बायोप्सीने खात्री करावी.

सुईत एवढं दिसलं असेल तर बायोप्सी कशासाठी? आईने धसका घेतलाय की चाकू लागला की गाठ चवताळते. मला ते पटत नाही, पण तिला समजावायला नेमकं उत्तर हवं. आणि नुसती खरवडून भागणार असेल तर सर्जन जबड्याचा तुकडा काढायची गोष्ट का करतात? कृपया घरगुती उपाय सुचवू नका.

प्रतिसाद:

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रिपोर्ट नीट लिहिलेला वाटतो. पण सुईतून सुट्या पेशी आणि छोटे पुंजके येतात, गाठीची पूर्ण रचना येत नाही. अशा बेसलॉइड पेशी इतर काही गाठींतही दिसतात. अमेलोब्लास्टिक कार्सिनोमा हा दुर्मीळ, पण घातक प्रकार आहे, तो नाही ना हे ऊतीच्या तुकड्यावर नीट पाहता येतं.

शस्त्रक्रिया किती मोठी हेही त्यावरच ठरतं. कप्पे दिसतात म्हणजे कन्व्हेन्शनल, म्हणजे नेहमीच्या प्रकाराची शक्यता जास्त. तो एक्स-रेत दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे हाडाच्या जाळीत शिरलेला असतो. नुसता खरवडला तर बऱ्याचदा पुन्हा उगवतो, म्हणून साधारण १ ते २ सेंटीमीटर निरोगी हाडासकट काढतात. युनिसिस्टिक (एकच पोकळी असलेला) निघाला आणि गाठीच्या पेशी पोकळीच्या भिंतीत शिरलेल्या नसल्या, तर कमी काढून भागू शकतं. भिंतीचं हे सुईतून कळत नाही.

आईंना सांगा, बायोप्सीमुळे अमेलोब्लास्टोमाचा कॅन्सर होत नाही. सुईची तपासणीही वाया गेलेली नाही. सुईत नुसतं ताजं रक्त भरून आलं असतं तर रक्तवाहिन्यांच्या गाठीची शंका घेऊन बायोप्सी थांबवली असती. जायंट सेल (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी) दिसल्या असत्या तर पॅराथायरॉइड ग्रंथीच्या आजारामुळे तर गाठ नाही ना हे पाहायला आधी रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथॉर्मोन (त्या ग्रंथीचं हार्मोन) तपासलं असतं.

बायोप्सीच्या तुकड्यावर बीआरएएफ व्ही६००ई (बीआरएएफ या जनुकातला एक ठरावीक बदल) तपासणी होईल का, तेही विचारा. खालच्या जबड्यातल्या बऱ्याच अमेलोब्लास्टोमांत हा बदल सापडतो, हे २०१४ मध्ये समोर आलं. गाठ फार पसरलेली असेल तर या बदलावर नेमकं काम करणाऱ्या औषधांचा विचार करताना ही माहिती उपयोगी पडते.

धागाकर्ती:

मनापासून आभार, डॉक्टर. भिंतीचा मुद्दा आम्हाला कोणी सांगितलाच नव्हता. आईला हा प्रतिसाद वाचून दाखवते. स्लाइड आणि सीटी दोन्ही घेऊन दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावं का?