तलवारीची मूठ एवढी आखूड का?

रानवाटा:
जुन्या तलवारींच्या मुठीत चार बोटं जेमतेम मावतात आणि खालची गोल चकती मनगटाला टोचते. पूर्वी माणसांचे हात लहान होते, हे उत्तर पटत नाही. त्याच काळातल्या धोपेची, म्हणजे लांब सरळ तलवारीची, मूठ चांगली ऐसपैस असते. मग वार नेमका कसा करायचे? आणि खुळखुळणारी मूठ घरी घट्ट करता येते का?

पट्टेकरी:
हाताच्या मापाचा संबंध नाही. मनगटातून फिरवली की चकती टोचणारच, कारण ती मनगट मोडू न देण्यासाठीच आहे. मूठ गच्च आवळायची, मनगट ताठ ठेवायचं, वार खांद्यातून आणि कोपरातून सोडायचा. पातं अंगाला लागताक्षणी कोपर मागे खेचायचं, म्हणजे बाकदार धार सरकत कापत जाते. नुसतं आपटलं तर जाड कपड्यावर वार वाया जातो. बऱ्याच पात्यांना परजेजवळ (मुठीच्या वरच्या आडव्या भागाजवळ) दोन-चार सेंटिमीटर धार नसते; तर्जनी परजेवरून पुढे टाकली तरी तिथे बोट कापलं जात नाही.

बाजारातल्या प्रतिकृतींवरून मात्र अंदाज बांधू नका. जुनं पातं मुठीजवळ 6-7 मिमी जाड आणि टोकाकडे निम्म्याहून पातळ असतं, वजन साधारण एक किलो. प्रतिकृती सगळीकडे सारख्या जाडीची असते, म्हणून टोकाला जड लागते आणि खेचताच येत नाही.

गडकोट:
धोपेचं काम वेगळं, म्हणून मूठ वेगळी. पातं सरळ, बहुधा 90 सेंटिमीटरच्या आसपास. घोड्यावरून लांबवर पोचतं, भोसकताही येतं. मुठीखाली गज (लोखंडी दांडा) असतो, तो धरून दुसरा हात लावता येतो. पोर्तुगीजांमुळे पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय पाती येऊ लागली, त्यांना इथल्या मुठी चढल्या, ती फिरंग. 2025 मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून घेतलेली रघुजी भोसल्यांची तलवार याच प्रकारची: पातं युरोपीय, मूठ मुल्हेरी धाटणीची.

धारेबद्दल एक गोष्ट फार कमी बोलली जाते. ब्रिटिश घोडदळातल्या कॅप्टन नोलनने 1853 मध्ये निजामाच्या घोडदळाबद्दल लिहून ठेवलंय, की त्यांच्या जबर कापणाऱ्या तलवारींची पाती इंग्रजांनी टाकून दिलेलीच होती. फरक एवढाच, की ती वस्तऱ्यासारखी परजून लाकडी म्यानात ठेवलेली असत. इंग्रजांच्या लोखंडी म्यानात प्रत्येक वेळी काढता-घालताना धार बोथट व्हायची.

लोहबंद:
मुठीचं सांगतो. पात्याचा अरुंद भाग मुठीच्या पोकळीत लाखेने किंवा राळेने बसवलेला असतो. ती तडकली की मूठ खुळखुळते. चकतीवर हातोडी मारू नका, बाजूने वेल्डिंग तर मुळीच नको. पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरतं आणि पुढे पातं तिथेच मोडतं.

परजेलगत पात्याला ओलं फडकं गुंडाळा. मूठ मंद आचेवर, लाख मऊ होईपर्यंतच तापवा आणि पातं सरळ ओढून काढा. जुनी लाख खरवडा. नव्या लाखेत बारीक चाळलेली विटेची पूड मिसळून पोकळी भरा. नुसती लाख ठिसूळ राहते, धक्क्याने पुन्हा तडकते. मूठ पुन्हा गरम करून पातं दाबून बसवा आणि लाख मऊ आहे तोवरच धार परजेच्या रेषेत आणा. एकदा थंड झाली की हलत नाही.

मुठीवर सोन्या-चांदीचं काम असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका, जाणकाराकडे द्या. पात्याला पॉलिश पेपरही लावू नका. जौहर (पोलादातली नागमोडी नक्षी) असेल तर पुसला जातो. हलका तेलाचा हात पुरे. चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका, पावसाळ्यात आतून गंज धरतो.