माजघरातला काळोख फोटोत टिकवायचा कसा?

सुरंगी

देवगडजवळच्या आमच्या जुन्या घराचं काम दिवाळीनंतर निघणार आहे. कौलं उतरवून पत्रा, त्याखाली पीओपीचं छत आणि त्यात पांढरे एलईडी दिवे, असं दादाचं ठरलंय. तिथे राहणाऱ्या आत्याचीही ना नाही. त्याआधी घराचे नीट फोटो काढून ठेवावेत म्हणून मी मे महिनाभर इथे आलेय, आणि माजघराशी येऊन अडलेय.

माजघराला खिडकी नाही. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला बाळंतिणीची खोली. उजेड येतो तो दारांतून आणि वरच्या एका काचेच्या कौलातून. दुपारची जेवणं आटोपली की त्या कौलाचा कवडसा जमिनीवर पडलेला असतो, साधारण पाटाएवढा. आत्या सूप घेऊन तिथेच तांदूळ निवडायला बसते. हात आणि सूप लख्ख उन्हात, चेहऱ्यावर तांदळांवरून उसळलेला मऊ उजेड, पाठ पूर्ण काळोखात. ती पाखडायला लागली की कोंडा वर उडतो आणि कौलापासून सुपापर्यंत उन्हाची वाट दिसायला लागते. त्या उजेडात तिच्या बोटांवरच्या सुरकुत्यासुद्धा एकेक करून मोजता येतील.

फोनवर फोटो काढला की हे सगळं जातं. मागचा कोनाडा, फडताळ, वलणीवरची लुगडी, माळ्याची शिडी, सगळं सारखंच उजळ येतं. कुणाच्याही फ्लॅटमधला हॉल वाटावा तसं. मग मी ॲपमध्ये तो फोटो काळवंडवला, तर सगळाच मातकट झाला. मुंबईच्या चुलतबहिणीने बघून लिहिलं, 'किती उदास वाटतंय गं घर!' मला तर ती वेळ घरातली सगळ्यात समाधानाची वाटते. पुरुषमाणसं आडवी झालेली असतात, भांडी घासून पालथी पडलेली असतात, आत्याला कुणी हाक मारत नाही. ते समाधान फोटोत यायला हवं. काय करू?

आणखी एक. ओटीवरचे फोटो काही न करताच छान येतात. तिथल्या उजेडात असं काय आहे?

बंदरावरचा

मी मालवणात लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे अंधारी माजघरं आणि त्यात बसलेल्या नवऱ्यामुली हे रोजचं काम आहे.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरीने मधल्या राखाडी छटेचं आहे असं धरून चालतो. त्याला काळोखं माजघर दाखवलं की तो ते ओढून राखाडीपर्यंत आणतो. फोन त्याही पुढे जातो. तो पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन एकत्र करतो आणि कोपऱ्यातला काळोख उचलून वर आणतो. त्याच्या लेखी काळोख हा दोष आहे. तुमच्या घरात तो दोष नाही, म्हणून ते काम त्याच्या हातून काढून घ्यायचं.

फोनच्या पडद्यावर सुपातल्या तांदळांवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतील. मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा, तांदळाचा दाणा न् दाणा वेगळा दिसेपर्यंत. मागचं काळं पडतं ते पडू द्या. नाइट मोड बंद. प्रो मोड असेल तर आयएसओ, म्हणजे उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा, कमीत कमी ठेवा आणि फोन हलू नये म्हणून पाटावर टेकवा.

तुमचा ॲपमधला फोटो मातकट का झाला ते यातच आहे. आधी सगळं सारखं उजळलं आणि मग सगळं सारखं काळवंडवलं, तर कवडसा आणि काळोख यांच्यातलं अंतर परत येत नाही. बहिणीला उदास वाटलं ते त्या मळकट राखाडीमुळे. कवडसा कवडशासारखा पेटलेला असेल तर बाजूचा काळोख थंडावा देतो. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला माजघरात जसं वाटतं, तसंच.

रंगाचं म्हणाल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग सांगणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. उन्हाला साधारण ५५०० केल्विन लावा आणि तिथेच ठेवा. ऑटो दर फोटोला स्वतःचं डोकं चालवतं आणि शेणाने सारवलेल्या जमिनीची ऊब पुसून टाकतं. फोटो काढताना ट्यूबही लावू नका. दोन रंगांचे उजेड एका चेहऱ्यावर आले की माणूस आजारी दिसतो.

आत्यांचा चेहरा फारच काळा येत असेल तर फ्लॅशच्या वाटेला जाऊ नका. कवडशाच्या कडेला चौकटीबाहेर एक धुतलेलं पांढरं धोतर टांगा. छायालेखक सुब्रत मित्रांनी १९५६ च्या 'अपराजितो' या सत्यजित राय यांच्या चित्रपटासाठी हेच तत्त्व वापरलं होतं. काशीतल्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलेलं, आणि वर ताणलेल्या कापडावरून दिवे उसळवून त्यांनी आभाळाचा उजेड आणला.

ओटीचं कोडं सोपं आहे. वळचण खाली उतरलेली असते, त्यामुळे थेट ऊन आत येत नाही. येतो तो खळ्यावरून, म्हणजे पुढच्या अंगणातून, उसळलेला उजेड, आणि खळं लाल मातीचं. म्हणून तिथे उजेड खालून येतो आणि तांबूस असतो. एकदा दुपारी ओटीवर आडवं पडून वरचे वासे बघा. त्यांची खालची बाजू लालसर दिसेल. त्या उजेडात कुणीही तरतरीत दिसतं.

पोफळीबाग

वरचं सगळं पटलं, तरी एक बोलते. गुहागरकडच्या अशाच घरात माझी आई राबली. तिच्या स्वयंपाकघरात दिवसाही चिमणी लावावी लागे. धुराने डोळे चुरचुरायचे, आणि डाळीतला खडा दातांखाली आला की बोलणी तिनेच खायची. माजघरातला गारवा जेवून पडणाऱ्याला मिळायचा. सुरंगी, तुझी आत्या कवडशात बसते कारण घरात दुसरीकडे तिला तांदळातला खडा दिसत नाही. फोटो जरूर काढ, पण घरात दिवे येतायत याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

दादाला मात्र एक सांग. वय झालं की डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, भिंग पिवळसर होतं, आणि छतातल्या पांढऱ्या दिव्यांची तिरीप डोळ्यांत खुपते. छतभर दिवे लावण्यापेक्षा जिथे ती बसते तिथे, खाली उतरवलेला, २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, एक चांगला दिवा दे. आमच्याकडे आईसाठी असा दिवा लावल्यापासून ती संध्याकाळीही वाचत बसते.

वेंगुर्ल्याचे मास्तर

कवडशाबद्दल थोडं. आयुष्यभर भूगोल शिकवला, राहवत नाही.

आपण साधारण १६ ते १७ अंश उत्तरेला आहोत. मेच्या पूर्वार्धात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि आपली मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या पुढे होते. म्हणून सध्या तुमचा कवडसा जवळजवळ कौलाच्या खालीच पडतो. डिसेंबरात सूर्य मध्यान्हीलाही पन्नासएक अंशांवरच असतो. कौल जमिनीपासून १२ फुटांवर असेल तर तेव्हा तोच कवडसा दहाएक फूट उत्तरेला सरकतो. दिवाळीच्या आसपास सहा ते आठ फूट धरा.

म्हणजे तुमच्या माजघराला वर्षभर एकच चेहरा नाही. मेमधला उजेड वरून पडतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो. नोव्हेंबरातला तिरका येतो, बसलेल्या माणसाच्या गालावर पडतो. पावसात तर कवडसाच नसतो. मळभाचं सबंध आभाळ दिवा होतं, दारातून निळसर उजेड आत येतो आणि भिजलेला चिरा गडद होतो. बसल्या माणसाचा फोटो घ्यायचा तर मी त्याच दिवसांत घेईन, दाराकडे तोंड करून. हे तिन्ही टिपा. काम दिवाळीनंतर आहे म्हणता, तेवढा अवधी आहे.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार.

तांदळांवर उजेड धरून काढलेला फोटो काल बहिणीला पाठवला. तिने उदास म्हटलं नाही. 'आत्या काय गुणगुणत होती?' असं विचारलं. आत्या खरंच गुणगुणत होती.

पोफळीबाग, तुमचं लिहिणं आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाई बरोबर बोलतेय, मला दिवा हवाच. दिवा खाली उतरवून घ्यायचं दादाने लगेच मान्य केलं. मास्तरकाका, तुमचं गणितही तिला सांगितलं, तर तिला त्यात नवीन काही वाटलं नाही. 'दिवाळीक तो देवांच्या उंबऱ्यापर्यंत येता,' म्हणाली. देवघर उत्तरेलाच आहे. त्या दिवसांत मी रजा काढून येणार आहे, आणि मधे जुलैत एकदा, दारातल्या उजेडासाठी.

दादाशी बोलणं पुढे गेलंय. त्या जागेवर पत्र्यात एक पारदर्शक तुकडा बसवायचा आणि पीओपी तिथे उघडं ठेवायचं, याला तो तयार आहे. पण साधी पारदर्शक शीट आमच्याकडच्या उन्हात पिवळी पडते, शेजाऱ्यांच्या गोठ्यावर बघितलंय. अतिनील किरणांना अडवणारा थर असलेली पॉलिकार्बोनेटची शीट कुणी घातली आहे का? काही वर्षांनी तिचा उजेड कसा राहिलाय? आणि खारं वारं, माकडं यांना ती टिकते का?