दीर्घ साधनेनंतरची निराशा : भ्रमनिरास, अपेक्षाभंग की निर्वेद?

विचारणा

एका शब्दाने मला गेले पंधरा दिवस अडवून धरले आहे, म्हणून ही चर्चा सुरू करीत आहे. मी सोळा वर्षे ध्यान करते आहे. पहाटे एक तास आणि संध्याकाळी एक तास अशी बैठक, वर्षातून एकदा मौनाचे शिबिर, आणि मध्ये पडलेले खंड बोटांवर मोजता येतील इतकेच. पद्धतीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. सुरुवातीला जे मिळेल असे वाटले होते ते मिळाले नाही, हे स्वतःशी मान्य करायलाच मला फार वर्षे लागली. राग पूर्वी जेथे येत असे तेथेच येतो. गेल्या वर्षी आईच्या आजारपणात रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढताना माझे मन, आयुष्यात कधीही डोळे मिटून श्वास न पाहिलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या मनाइतकेच, किंबहुना त्याहून थोडे अधिकच, भेदरलेले होते. आणि ते भेदरलेले आहे एवढे पाहण्यापलीकडे मला काहीही करता येत नव्हते.

हे सारे मी एका जुन्या सहसाधकांना पत्राने कळवले आणि शेवटी लिहिले, ‘माझा भ्रमनिरास झाला आहे.’ त्यांचे उत्तर आले, ‘भ्रमाचा निरास झाला असेल, तर साधना फळाला आली असेच म्हटले पाहिजे.’ त्यांनी हे मनापासून लिहिले होते, याविषयी मला शंका नाही. शब्दार्थाने पाहिले तर त्यांचे म्हणणे बिनचूकही आहे. तरीही मला जे सांगायचे होते ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. त्या जागी मी ‘अपेक्षाभंग’, ‘निराशा’, ‘उद्वेग’, ‘निर्वेद’ असे एकेक शब्द ठेवून पाहिले आणि प्रत्येक वेळी वाक्य काही तरी वेगळेच बोलू लागले. या शब्दांतील नेमका फरक जाणकारांनी उलगडून सांगावा, ही विनंती.

प्रतिसाद

आपल्या स्नेह्यांनी शब्दाची व्युत्पत्ती वाचली आणि आपण त्याचा रूढ वापर लिहिला होता. घोटाळा तेथे झाला. ‘निरास’ हा ‘निर्’ या उपसर्गासह ‘अस्’ म्हणजे फेकणे या धातूपासून आलेला शब्द असून दूर सारणे, घालवून देणे हा त्याचा अर्थ आहे. ‘शंकानिरसन’ यातले ‘निरसन’ त्याच घरातले. ‘निराशा’ हा शब्द मात्र ‘निर्’ आणि ‘आशा’ यांचा, म्हणजे वेगळ्याच कुळातला. मुद्रितशोधनाचे काम करताना ‘भ्रमनिराश’ हे चुकीचे रूप मी कितीतरी वेळा दुरुस्त केले आहे, पण ही चूक निव्वळ शुद्धलेखनाची आहे असे मला वाटत नाही. लिहिणाऱ्याला त्या शब्दात निराशाच ऐकू येत असते, म्हणून त्याचा हात ‘स’ सोडून ‘श’कडे जातो.

समर्थ रामदासांच्या करुणाष्टकांतील ‘अनुदिनि अनुतापें तापलों रामराया । परम दिनदयाळा नीरसी मोहमाया’ या ओळी आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी लहानपणापासून आहेत. त्यातील ‘नीरसी’ हे याच धातूचे क्रियापद आहे. तेथे मोहमायेचा निरास व्हावा ही देवाकडे केलेली याचना आहे. आजच्या मराठीत तोच निरास तक्रारीचा विषय झाला आहे. (जाता जाता, पुढच्या ओळीत ‘अचपळ मन माझें नावरे आवरीतां’ असे आहे, त्यातील ‘अचपळ’ म्हणजे स्थिर नव्हे, तर अतिशय चपळ. ही गोष्ट शाळेत कोणी सांगितली नाही तर आयुष्यभर उलटा अर्थ मनात राहतो.)

आता वापराकडे पाहू. पावसाने ओढ दिली तर शेतकऱ्याची निराशा होते, त्याचा भ्रमनिरास होत नाही, कारण पावसाने त्याला कोणत्याही भ्रमात ठेवलेले नसते. निवडणुकीनंतर मतदारांचा मात्र भ्रमनिरास होतो. म्हणजे आजच्या मराठीत या शब्दासाठी आधी कोणीतरी भ्रम उभा केलेला असावा लागतो. तो दुसऱ्याने उभा केला असेल किंवा आपणच आपल्यासाठी. म्हणून आपल्याला उलट विचारावेसे वाटते, की रुग्णालयाच्या बाकावर मन भेदरणार नाही असे आपल्याला कोणी सांगितले होते का? सांगितले असेल तर ‘भ्रमनिरास’ योग्य आहे. कोणीही सांगितले नसेल आणि आपणही तसे कधी स्पष्टपणे मानले नसेल, तर हा शब्द आपल्यावरच अन्याय करतो, कारण जो भ्रम नव्हताच त्याची जबाबदारी तो आपल्या पदरात टाकतो.

प्रतिसाद

मला ‘अपेक्षाभंग’ हाच शब्द प्रामाणिक वाटतो. बँकेतील ठेवीच्या व्याजाची आपण अपेक्षा करतो आणि म्हाडाच्या सोडतीत घर लागण्याची आशा करतो. अपेक्षेमागे एक न लिहिलेला करार असतो, आशेमागे तो नसतो. रोज दोन तासांप्रमाणे सोळा वर्षांत अकरा हजारांहून अधिक तास होतात. इतके दिल्यावर काही मागे यावे असे वाटणे यात गैर काय आहे?

तरीही साधक हा शब्द सहसा उच्चारत नाहीत, आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे असे वाटते. ‘साधनेत अपेक्षा ठेवू नका’ हे प्रत्येक शिबिरात पहिल्याच दिवशी सांगितले जाते. त्यामुळे ‘माझा अपेक्षाभंग झाला’ असे म्हणणे म्हणजे ‘मी सूचना पाळली नाही’ अशी कबुली देण्यासारखे होते. मग माणूस दुःखासोबत ती कबुलीही गिळतो आणि त्या जागी एखादा भारदस्त संस्कृत शब्द शोधतो. शब्द निवडताना ही लाज आड येत नाही ना, एवढे आपण पाहावे, असे सुचवतो.

प्रतिसाद

वरील दोन्ही मते वाचली. मला ‘निर्वेद’, म्हणजे मन विटणे, उबगणे, या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण या शब्दाच्या पोटात परस्परविरुद्ध दिशांचे दोन अर्थ नांदतात आणि ते दोन्ही भगवद्गीतेतच सापडतात.

दुसऱ्या अध्यायातील बावन्नाव्या श्लोकात, बुद्धी मोहाच्या चिखलातून पार झाली की ‘तदा गन्तासि निर्वेदं श्रोतव्यस्य श्रुतस्य च’ असे म्हटले आहे. म्हणजे ऐकलेल्या आणि ऐकायच्या सर्व गोष्टींविषयी निर्वेद येणे ही तेथे प्रगतीची खूण आहे. मुंडकोपनिषदातही कर्माने मिळणाऱ्या लोकांची, म्हणजे स्वर्गादी जगांची, परीक्षा करून ‘निर्वेदमायात्’, निर्वेदाला पोहोचावे, असे सांगितले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात मात्र, जेथे प्रत्यक्ष ध्यानाचाच विषय चालला आहे तेथे, ‘स निश्चयेन योक्तव्यो योगोऽनिर्विण्णचेतसा’ असे येते. योग निर्विण्ण न होता, म्हणजे न उबगता, न खचता करावा. विषयांविषयीचा निर्वेद हवा, पण साधनेविषयीचा निर्वेद नको; शब्द तोच, आणि तो कशाच्या बाबतीत आला यावर सारे अवलंबून आहे. म्हणून नुसते ‘मला निर्वेद आला आहे’ असे लिहिले, तर आपले स्नेही पुन्हा अभिनंदनच करतील. ‘साधनेचाच निर्वेद’ असे फोड करून लिहावे लागेल. (‘विषण्ण’ आणि ‘निर्विण्ण’ यांचीही मराठीत सरमिसळ होते. विषण्ण हा ‘सद्’ या धातूचा, म्हणजे बसून गेलेला, खचलेला. निर्विण्ण हा ‘विद्’चा.)

त्याच अध्यायात पुढे अर्जुनाने जो प्रश्न विचारला आहे, तो मला आपल्या पत्राच्या सर्वांत जवळचा वाटतो. श्रद्धा आहे, पण मन योगापासून ढळले आणि सिद्धी तर मिळाली नाही, अशा माणसाचे काय होते? दोन्हीकडून सुटून तो ‘छिन्नाभ्रमिव’, फाटलेल्या ढगासारखा, नाहीसा होतो का? मूळ ढगापासून तुटलेला आणि दुसऱ्या ढगाला न मिळालेला तो तुकडा मी कोकणात आश्विनातल्या आकाशात अनेकदा पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी हाच शब्द आठवला आहे. प्रश्न विचारणाऱ्याला तेथे कोणी गप्प केलेले नाही, हेही लक्षात घ्यावे.

नेमकेपणाच बघायचा असेल तर मात्र पतंजलींकडे जावे. योगसूत्रांच्या पहिल्या पादात तिसाव्या सूत्रात चित्ताला विक्षेप करणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत आणि त्यांत आळस, संशय, प्रमाद यांच्या बरोबरीने ‘अलब्धभूमिकत्व’ हा शब्द आहे. समाधीची भूमी न लाभणे, असा त्याचा अर्थ व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरील जुन्या टीकेत, दिला आहे. त्याच्या शेजारी ‘अनवस्थितत्व’ आहे, म्हणजे भूमी लाभली पण चित्त तेथे टिकले नाही. या दोन अवस्था निराळ्या आहेत हे ओळखून त्यांना दोन स्वतंत्र नावे देणाऱ्यांनी अशी माणसे जवळून पाहिली असली पाहिजेत. लगेच पुढच्या सूत्रात ‘दौर्मनस्य’ येते आणि भाष्यकार त्याची व्याख्या ‘इच्छाविघातात् चेतसः क्षोभः’ अशी करतात. इच्छेला अडथळा आल्याने चित्ताचा होणारा क्षोभ म्हणजे दौर्मनस्य. ‘अपेक्षाभंग’ हे घटनेचे नाव आहे आणि ‘दौर्मनस्य’ हे तिच्यामागून येणाऱ्या भावनेचे. मराठीने हा शब्द जवळजवळ टाकून दिला, याची मला खंत वाटते.

प्रतिसाद

निर्वेदाचे पाली रूप ‘निब्बिदा’. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर त्रिशरण आणि पंचशील यांच्या निमित्ताने पाली शब्द आमच्यासारख्या असंख्य मराठी घरांत रुळले, म्हणून ही भर घालतो. बौद्ध परंपरेत ‘निब्बिन्दं विरज्जति, विरागा विमुच्चति’ असा क्रम आहे. निब्बिदेतून विराग, विरागातून मुक्ती. तेथे निब्बिदा ही पायरी आहे. विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथातील, साधकाला होणाऱ्या ज्ञानांच्या क्रमात तिच्या आधी ‘भंग’ आणि ‘भय’ या पायऱ्या येतात. आपले सहसाधक या परंपरेतले असतील, तर त्यांना आपल्या वाक्यात ही पायरी दिसली असणे स्वाभाविक आहे.

मात्र एक सावधगिरी बाळगावी असे मला वाटते. जिना चढताना लागलेली धाप आणि जिन्यावर बसून राहिलेल्या माणसाचा थकवा यांना एकच नाव देऊ नये. कोणाच्या दुःखाला परस्पर ‘पायरी’ म्हणणे, हा त्याचे म्हणणे न ऐकण्याचा एक प्रकार होऊ शकतो.

आणखी एक शब्द येथे ठेवतो. ‘अपेक्षा’ आणि ‘उपेक्षा’ हे दोन्ही ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या एकाच धातूचे आहेत. पालीतील ‘उपेक्खा’ म्हणजे समतोल राखून पाहणे, आणि योगसूत्रांतही मैत्री, करुणा, मुदिता यांच्याबरोबर उपेक्षा येते. मराठीत मात्र उपेक्षा म्हणजे हेळसांड. अपेक्षा सोडून उपेक्षेकडे जा, असे साधकाला सांगितले, तर मराठी कानाला ते केवढे कठोर ऐकू येईल! कदाचित म्हणूनच मराठी शिबिरांत त्या जागी ‘समता’ हा शब्द वापरतात.

मूळ विचारणा करणारीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातील प्रश्नाचे उत्तर मी दोन दिवस शोधले. मन भेदरणार नाही असे मला कोणीही सांगितले नव्हते. मीच, पहिल्या शिबिरानंतरच्या त्या हलक्या आठवड्यात, तसे ठरवून टाकले होते. दुसरा प्रतिसाद वाचताना मात्र मला थांबावे लागले, कारण त्यातील लाजेचे वर्णन माझेच आहे.

आता माझ्या लक्षात येते, की मी तीन वेगवेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या होत्या. राग जाईल ही अपेक्षा होती आणि तिचा भंग झाला. आईच्या उशाशी जे झाले ते दौर्मनस्यही नव्हते; ती साधी भीती होती, आणि तिला भीतीच म्हणायला हवे. उरला तो शीण. करुणाष्टकांतील ‘तुजविण शिण होतो’ मधला ‘शिण’ इतका थेट आहे, की ‘निर्वेद’ लिहिताना मला जो संकोच वाटत होता तो येथे वाटत नाही. शीण आलेला माणूस चूक होता असे कोणी म्हणत नाही, आणि तो मुक्त झाला असेही कोणी म्हणत नाही.

एक शब्द मात्र अजून सुटत नाही, आणि तो मी येथे ठेवते. माझा नेम अद्याप चुकलेला नाही. आजही पहाटे बसले होते. मराठीत ‘नेम’ म्हणजे नित्याचा नियम, ‘नेम’ म्हणजे साधलेले लक्ष्य, आणि ‘पावसाचा नेम नाही’ म्हणताना त्याचाच अर्थ खात्री असा होतो. यांतला पहिला नेम माझ्याकडे शाबूत आहे, दुसरा आणि तिसरा नाहीत. आशा उरली नसताना चालू राहिलेल्या अशा नेमाला बोलीत, जात्यावरच्या ओव्यांत किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी काही वेगळे नाव कोणी ऐकले आहे का? ऐकले असल्यास जिल्ह्याच्या उल्लेखासह कळवावे. सहसाधकांना लिहायच्या पत्रात मी ‘भ्रमनिरास झाला आहे’ हे खोडले असून त्या जागी ‘मी शिणले आहे, आणि बसते आहे’ असे लिहिले आहे. पत्र अजून टाकलेले नाही.