बीकॉम फायनलला आहे, लॉ सीईटीचा फॉर्म आत्ताच भरू की निकाल लागल्यावर?

अशोकचौक_२२
नमस्कार मंडळी. सोलापुरात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, दुपारनंतर एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचं काम बघतो. तीन वर्षांचं एलएलबी करायचंय. घरचे म्हणतात आधी डिग्री हातात येऊ दे मग फॉर्म भर, मित्र म्हणतो क्लॅट (नॅशनल लॉ युनिव्हर्सिटींची प्रवेश परीक्षा) पण देऊन टाक, आणि एक क्लासवाला रोज फोन करून डोकं खातोय. नक्की काय करू? इंग्रजी कच्चं आहे हे आधीच सांगतो.

कोर्टाबाहेरचा_चहा
क्लॅट सोड बाबा. यूजी क्लॅट बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी आणि पीजी क्लॅट एलएलबी झाल्यावर एलएलएमला. तुझी परीक्षा एमएच सीईटी लॉ, तीन वर्षांची. फायनलच्या पोरांना बसता येतं, निकाल लागायची गरज नाही. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतो, म्हणजे आपली गड्ड्याची जत्रा असते त्या सुमारास, आणि परीक्षा उन्हाळ्यात. घरच्यांचं ऐकून थांबलास तर वर्ष गेलंच म्हणून समज. डिग्रीला ओपनला 45 टक्के, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40 लागतात, ते मार्कशीट ॲडमिशनच्या वेळी दाखवायचं.

वर्ष_वाया_गेलेली
वरच्या दादांचं बरोबर आहे पण खरी गोची पुढे होते. मी सीईटी दिली, पर्सेंटाइल पण चांगलं आलं आणि मी खुश होऊन घरी बसले, मला वाटलं आता कॉलेजकडूनच बोलावणं येईल. कॅपचं, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेचं, रजिस्ट्रेशन वेगळं असतं, फी वेगळी, कॉलेजांचे ऑप्शन आपणच भरायचे, हे मला कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. चुलत बहिणीचं लग्न होतं घरात, साइट उघडून बघितलीच नाही. चूक माझीच. म्हणून सांगते, परीक्षेनंतर सीईटी सेलची वेबसाइट दोन दिवसाआड बघ आणि डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर, कास्ट व्हॅलिडिटी जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाक. जून-जुलैत सेतूत अख्खं सोलापूर उभं असतं, दहावी-बारावीवाले पण तिथेच.

ऑप्शन भरताना दयानंद लॉ टाक, घरापासून जवळ पडेल, आणि पुण्याचं आयएलएस पण वर टाकून बघ, बिघडत काय.

रात्रपाळी
अभ्यासाचं सांगतो. 120 प्रश्न, 120 मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. गणित पाच वर्षांवाल्यांना असतं, तुला नाही. पण इंग्रजीचेच 40 प्रश्न आहेत, ते टाळून चालणार नाही, रोज एक उतारा घड्याळ लावून सोडव. लीगलला राज्यघटनेचं कलम 14, 19, 21, 32 आणि 226 पाठ पाहिजे, आणि जुनं गाईड कुणी फुकट दिलं तरी घेऊ नको कारण 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, जुन्या कलमांचे नंबर डोक्यात बसले की निघत नाहीत. क्लास लावायचा का? माझ्या मते जुने पेपर आणि चार-पाच मॉक पुरतात.

अशोकचौक_२२
लई उपकार झाले. उद्या सुट्टी टाकून डोमिसाईलला जातोय. वडिलांना हा सगळा धागा वाचून दाखवला, ते म्हणाले फॉर्म भर पण कारखाना सोडू नको. वर्षभर नोकरी सांभाळून कुणी हजेरी भरलीय का इथे?

कोर्टाबाहेरचा_चहा
हजेरीचं कॉलेजवाले सोडत नाहीत, आत्ताच सांगून ठेव मालकाला.